बदल दिसला नाही

चाळीस परीक्षानळ्या धुऊन झाल्या होत्या आणि एकेचाळिसावी मावशीच्या हातात फुटली. तिच्या हातून काच सहसा फुटत नसे. बारा वर्षांत सगळ्या मिळून सात नळ्या, आणि त्यातल्या तीन तर मुलांनी आधीच तडकवून परत दिलेल्या. पण आत्ता तिची लेक बेसिनपाशी येऊन उभी राहिली होती, तोंड एवढंसं करून, आणि तिने एक कागद पुढे धरला होता. तो वाचता वाचता मावशीची मूठ आवळली गेली, आणि मुठीत नळी होती.

"आई, रक्त येतंय."

"येऊ दे. हे कुणी लिहिलंय?"

"मीच. म्हणजे सरांनी सांगितलं, मी लिहिलं. सही तेवढी राहिलीय."

कागदावर लेकीच्या, मुंगीच्या, गोल अक्षरात तीन वाक्यं होती. 'मी प्रात्यक्षिक परीक्षेत तिसरा प्रयोग नीट न पाहता निरीक्षण लिहिले. माझी चूक मला मान्य आहे. पुन्हा असे करणार नाही.' खाली सहीसाठी रेघ मारलेली. आज बुधवार. शुक्रवारी शाळा सुटायच्या आत सही करून कागद दिला, तर पास होण्यापुरते गुण. नाही दिला, तर प्रात्यक्षिकात शून्य. आणि प्रात्यक्षिकात शून्य म्हणजे पुढच्या वर्षी विज्ञान शाखा नाही, मुंगीने कितीही डोकं आपटलं तरी नाही.

मावशीने बोट नळाखाली धरलं. पाणी लाल होऊन वाहत गेलं, मग गुलाबी झालं, मग स्वच्छ. तिचा राग मात्र तसाच राहिला, उलट पाण्याने तापत चालल्यासारखा.

शाळेत तिला लहानथोर सगळे नळीमावशीच म्हणत. कागदोपत्री हुद्दा 'प्रयोगशाळा मदतनीस', तोही वर्षावर्षाच्या कराराने. बाटल्या भरायच्या, त्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, तास संपला की मुलांची घाण काढायची. स्वतःची शाळा नववीत सुटलेली. पण बारा वर्षं रोज ती रसायनशास्त्र शिकत आली होती, फक्त उलट्या टोकाकडून, नळीच्या बुडाकडून. मुलं काय करून गेली हे तिला नळीत चिकटलेल्यावरून कळे. बुडाशी पांढरं पीठ बसलंय, म्हणजे आज दुहेरी विस्थापन झालं. विटकरी भुकटी घासूनही निघत नाही, म्हणजे हिराकस तापवली होती.

मुंगीला हे सगळं तिनेच शिकवलं होतं. मुंगी हे नाव बाबाने ठेवलेलं. अंगाने लहानखुरी, आणि वाटेत आडवं बोट धरलं तर वळसा घालून जिथे जायचं तिथेच जाणारी. पाचवीत असल्यापासून शाळा सुटली की ती बेसिनच्या कट्ट्यावर पाय हलवत बसायची आणि धुतलेल्या नळ्या पुसून द्यायची.

"संयोग म्हणजे दोघं आली आणि एकच होऊन राहिली," मावशी सांगायची. "चुनकळी आणि पाणी. बाहेरून हात लाव. लाव गं, भिऊ नकोस. तापलं ना? अपघटन म्हणजे एका घराच्या वाटण्या. हे हिराकशीचे हिरवे खडे तापवले की हिरवा रंग उडतो, नाक मुरडायला लावणारा वास सुटतो आणि मागे उरते ही विटकरी भुकटी. विस्थापन म्हणजे बसलेल्याला उठवून आपण बसायचं. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात तांबं आरामात बसलेलं असतं. लोखंडाचा खिळा येतो, म्हणतो, ऊठ. तांबं बिचारं उठतं आणि जायला जागा नाही म्हणून त्या खिळ्यालाच चिकटतं. लालसर थर दिसतो तो त्याचाच."

"आणि दुहेरी?"

"दोन जोड्या भेटल्या आणि जोडीदार बदलून निघाल्या."

"शी, आई!"

"शी काय? पाण्यात चालतं त्यांचं. त्यातल्या एका नव्या जोडीला पाणी मानवत नाही, ती बुडाशी जाऊन बसते. तो साका. पुस्तकात त्याला अवक्षेप म्हणतात, म्हणू देत."

"पण झालीय की नाही झाली, हे कळायचं कसं?"

"पाच गोष्टी बघायच्या. रंग, वास, बुडबुडे, ऊब, साका. पाचातली एक तरी दिसली तर काहीतरी घडलं. एकही नाही दिसली, तर नाही घडलं. मग पुस्तक काही का म्हणेना. दिसलं नाही तर लिहायचं, दिसलं नाही."

आता त्याच वाक्याने मुलीचा गळा धरला होता. परीक्षेत चार प्रयोग होते, चार प्रकारच्या अभिक्रियांचे. पहिला, दुसरा, चौथा बिनचूक. तिसऱ्यात मुंगीने लिहिलं होतं, 'पंधरा मिनिटे थांबले. खिळ्याच्या रंगात बदल दिसला नाही. द्रावण निळेच राहिले.' त्यावर लाल शाईने भलीमोठी फुली आणि बाजूला एकच शब्द, 'उद्धट'.

मावशीने बोटाला फडक्याची चिंधी गुंडाळली आणि ती तरातरा प्रयोगशाळेच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे टेबलाशी सर वह्या तपासत बसले होते. मुलं त्यांना फळासर म्हणत, कारण वर्षभर त्यांची पाठच जास्त दिसायची. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी प्रयोगाचं निरीक्षण फळ्यावर लिहायचं, मुलांनी ते वहीत उतरवायचं, मग वेळ उरला तर प्रयोग करायचा. वही पूर्ण, सर मोकळे.

"सर, हे काय?"

"अहो मावशी, बोटाला काय झालं?"

"बोटाचं राहू द्या. हे काय लिहून घेतलंत पोरीकडून?"

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "मी तिची मदतच करतोय. सही केली की विषय संपला. तुमची मुलगी म्हणून एवढं तरी. दुसरं कुणी असतं तर मी सरळ शून्य देऊन मोकळा झालो असतो."

"तिने नीट पाहिलं नाही, असं तिनेच लिहून द्यायचं? पंधरा मिनिटं ती त्या नळीसमोर डोळे फाडून बसली होती. मी बेसिनपाशी उभी राहून बघत होते. तुम्ही कुठे होता?"

"वह्या तपासत होतो."

"मग तिने पाहिलं नाही, हे तुम्ही कधी पाहिलंत?"

लाल पेन थांबलं.

"मावशी," सर अगदी शांतपणे म्हणाले, आणि ती शांतताच तिला सहन होईना. "चाळीस मुलं. एकोणचाळीस म्हणतात खिळा लाल झाला. एक म्हणते नाही झाला. तुम्हीच सांगा, कोण चुकलं?"

"एकोणचाळीस जणांनी तुमच्या फळ्यावरचं पाठ केलेलं उतरवलं."

"बरं, मुलांना सोडा. लोखंड तांब्याला हटवतं की नाही? हटवतं. काल हटवलं, आज हटवतं, उद्याही हटवेल. तुमच्या लेकीची नळी आली म्हणून लोखंड थांबेल का?"

हटवतं हे तिलाही माहीत होतं. तिनेच तर शिकवलं होतं.

ती हातातल्या कागदाकडे बघू लागली तसं सरांना बरं वाटलं असावं. ते हसले. "तुम्ही नळ्या धुवा, मावशी. फार छान धुता. विज्ञान आमच्यावर सोडा."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तशी ती गेली. मावशीने कागदाची घडी घालून कमरेला खोचली आणि बेसिनपाशी परत येऊन धुतलेल्या चाळीसच्या चाळीस नळ्या पुन्हा धुतल्या.

घरी बाबा दारात बसून सायकलच्या चाकाच्या तारा कसत होता. सायकली दुरुस्त करणं आणि रंगवणं हाच त्याचा धंदा होता आणि दुकान बंद केलं तरी एखादं चाक घरी यायचंच. बायकोची पावलं ऐकूनच त्याने चाक बाजूला ओढून वाट मोकळी केली.

"आज कुणाची पाळी?" त्याने मुंगीला हळूच विचारलं.

"फळासरांची."

"मग ठीक. मला वाटलं माझी."

मावशीने सगळं सांगितलं. सांगताना तिने कपाटाचं दार दोनदा उघडलं आणि दोनदा आपटलं, आत काही घ्यायचं नसताना. मुंगी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"मी करते सही," ती म्हणाली. "एक रेघ तर आहे. पास होईन, विज्ञान मिळेल. नंतर कोण विचारतंय?"

"सही केलीस तर हात तोडीन."

"आई!"

"माझा. माझा हात तोडीन, तुझा नाही." मावशी धपकन खाली बसली. "अगं, तू बघितलं होतंस. बघून लिहिलंस. आणि आता लिहून देणार की बघितलं नाही? मग उद्या कशावर विश्वास ठेवशील, डोळ्यांवर की फळ्यावर?"

"अगं, पोरीला आधी जेवू तर दे," बाबा म्हणाला.

जेवण झालं. मावशी मुंगीच्या वेण्या सोडायला बसली. रोजचंच ते, पण आज फणी केसांत जरा जोरात फिरत होती. मुंगी कळ सोसत होती. ते लक्षात आल्यावर मावशीने फणी ठेवली आणि बोटांनीच गुंता सोडवायला घेतला. चिंधी बांधलेलं बोट सारखं अडकत होतं.

"आई, खिळा खरंच लाल व्हायला हवा होता ना?"

"हो."

"मग माझा का नाही झाला?"

मावशीची बोटं थांबली.

"तूच म्हणतेस ना, बघितल्याशिवाय बोलू नये," मुंगी पुढे बघतच म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "तू सरांशी भांडलीस. पण तू तरी तो खिळा कुठे बघितलास?"

गुरुवारी सकाळी शाळेचं फाटक उघडलं तेव्हा मावशी बाहेर उभीच होती. प्रयोगशाळेच्या खिडक्या उघडून तिने परीक्षेची उरलेली मोरचुदाची बाटली उजेडात धरली. निळीशार. तरी शंका नको म्हणून ताजं द्रावण केलं. वरच्या फळीवरून खिळ्यांचा ट्रे काढला, दोऱ्याला एक खिळा बांधला, नळीत सोडला आणि स्टूल ओढून समोर बसली. भिंतीवरचं घड्याळ कानात टकटकत होतं. पाच मिनिटं. दहा. पंधरा. खिळा आत गेला होता तसाच, चांदीसारखा चमकत, आणि भोवती निळं पाणी. रंग नाही, वास नाही, बुडबुडा नाही, ऊब नाही, साका नाही.

"अगं बाई," ती एकटीच मोठ्याने म्हणाली. "खरंच नाही होत."

दुसरा खिळा टाकला. तोही तसाच. तिसरा तिने हातात घेऊन खिडकीशी नेला. लोखंडाचा खिळा इतका चमकतो कशाला? तिने केसांतली पिन काढून खिळ्यावरून ओढली. पिनेखालून एक पातळ, पारदर्शक पापुद्रा सोलून निघाला, उन्हाने भाजलेल्या कातडीसारखा.

मग तिला आठवलं.

तीन वर्षांपूर्वी एका मुलीच्या बोटात यातलाच एक गंजका खिळा घुसला होता. डॉक्टर, सुई, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या आईने शाळा डोक्यावर घेतलेली. त्या आईचा चेहरा मावशीला दोन रात्री दिसत राहिला. तिसऱ्या दिवशी तिने सगळे खिळे घरी नेले, गंज घासून काढला, आणि बाबा सायकलीच्या फ्रेमवर मारतो त्या बिनरंगी वार्निशमध्ये चिमट्याने एकेक बुडवला. दोन हात दिले. दोरीवर ओळीने वाळत घातले. पुन्हा गंज म्हणून लागायचा नाही आणि कुणाच्या लेकराच्या बोटाला काही व्हायचं नाही. केवढी खूश झाली होती ती! सरही म्हणाले होते, "वा मावशी, चकाचक! आता पॉलिश कागदाने घासायचीही कटकट नको." आणि प्रयोगाची पहिली ओळ, 'खिळा पॉलिश कागदाने घासून घ्या', ती त्यांनी फळ्यावरून कायमची काढून टाकली होती.

तीन वर्षं खिळे वापरून परत येत होते ते स्वच्छ. पुसले की झालं. आधी लाल पुटं खरवडता खरवडता नखं जायची, ते सगळं बंद झालं होतं. घाणीवरून सगळं ओळखणाऱ्या बाईला घाण का नाही, हे एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. काम कमी झालं ना, मग झालं.

"वा गं शहाणे," ती स्वतःलाच म्हणाली, आणि हातातली पिन अशी भिरकावली की ती कपाटाखाली गेली. सरांवरचा राग जागच्या जागी होता, त्याच्याच शेजारी आता आणखी एक येऊन बसला, त्याहून जड. ज्या पोरीला बघायला शिकवलं, तिच्या डोळ्यांपुढे आपणच झाकलेला खिळा ठेवला. आणि वर सरांना विचारून आले, तुम्ही कुठे होता?

ओरखडा काढलेला तो खिळा तिने नळीत सोडला. मिनिटभरात ओरखड्याच्या जागी, फक्त तेवढ्याच जागी, एक बारीक लाल रेघ उमटली. बाकी खिळा होता तसाच चमकत.

ती त्या रेघेकडे बघत राहिली. आता दोन वाटा होत्या, आणि एक फारच सोपी होती. ट्रेमधले सगळे खिळे आजच घासून टाकायचे. कुणाला कळायचं नाही. मुंगी सही करेल, पास होईल, विज्ञानाला जाईल. करार पुढच्या महिन्यात संपत होता. शाळेच्या सामानाला न विचारता घरचं वार्निश फासणाऱ्या बाईचा करार कोण वाढवणार? फळासरांच्या हाती तर आयतं कोलीतच. सगळं खापर फोडायला एक डोकं मिळालं असतं, तेही नळ्या धुणारीचं.

तिने कमरेचा कागद काढून उलगडला. 'नीट न पाहता.' ते शब्द खोटे नव्हते. चुकीच्या माणसाच्या अक्षरात होते, एवढंच.

पहिल्या तासाची घंटा व्हायच्या आत मावशी मोठ्या बाईंच्या खोलीत उभी होती, हातात खिळ्यांचा ट्रे, निळी बाटली आणि स्टँडमध्ये दोन नळ्या. मुख्याध्यापिका म्हणून त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, तशा उंचीने त्या मावशीच्या खांद्याला लागायच्या. त्या फोनवर बोलत होत्या. त्यांनी हाताने थांबायची खूण केली. मावशी थांबली नाही. फायली बाजूला सरकवून तिने स्टँड टेबलावर ठेवला.

मोठ्या बाईंनी फोन ठेवला. "मावशी, हे काय? डाग पडतील!"

"पडू द्या, बाई. मी घासून देईन. आधी सरांना बोलवा."

आवाजात असं काही होतं की बाईंनी बोलावलं. सर आले, ट्रे पाहिला आणि म्हणाले, "अरे देवा, अजून तेच चाललंय?"

"सर, यातला कुठलाही एक खिळा उचला," मावशी म्हणाली. "तुमच्या हाताने. आणि सोडा या नळीत."

"मावशी, माझा तास..."

"उचला ना, सर," मोठ्या बाई म्हणाल्या.

सरांनी खिळा सोडला. दुसऱ्या नळीत मावशीने पॉलिश कागदाने घासलेला एक खिळा सोडला. तिघं बघत राहिले. मावशीचा खिळा डोळ्यांदेखत लाल झाला, मग तपकिरी, मग जाडसर. सरांचा चमकत राहिला. एक मिनिट. तीन. पाच. सरांनी नळी हलवून पाहिली. मग बोटाने टिचकी मारली, रेडिओ बंद पडल्यावर मारतात तशी.

"हे असं कसं होईल?" ते पुटपुटले.

"मी वार्निश लावलंय त्यांना," मावशी म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी. गंज नको म्हणून. कुणाला विचारलं नाही. चूक माझी, सगळीच्या सगळी. लोखंड पाण्याला शिवतच नव्हतं, तर तांब्याला उठवणार कसं?"

सरांचा चेहरा असा काही खुलला की मावशीला नळी त्यांच्या डोक्यावर रिकामी करावीशी वाटली. "मग झालं तर! बाई, ऐकलंत ना? मदतनीस बाईंचा निष्काळजीपणा. मी म्हणतच होतो, काहीतरी..."

"तुम्ही काय म्हणत होतात?" मावशीचा आवाज चढला. आता तो तिला खाली आणायचाही नव्हता. "तुम्ही म्हणत होतात की पोरीने नीट पाहिलं नाही! सर, दर वर्षी चाळीस, तीन वर्षांत एकशेवीस पोरं. एकाही नळीत खिळा लाल झालेला नाही, आणि एकशे एकोणीस वह्यांत झालाय. त्या प्रत्येक वहीवर तुमची बरोबरची खूण आहे. मी खिळे झाकले, कबूल. पण तुम्ही तीन वर्षांत एकदा, एकदा तरी एका नळीत डोकावला असतात, तर माझी चूक त्याच दिवशी सापडली असती! ती सापडली कुणाला? जिला तुम्ही उद्धट म्हणालात तिला."

"अहो, सगळ्या शाळांतून असंच चालतं. अभ्यासक्रम केवढा, वेळ केवढा..."

"वह्यांना वेळ आहे तुमच्याकडे!"

"मावशी," मोठ्या बाई म्हणाल्या. "बसा."

"मी उभीच बरी आहे."

बाईंनी दोन्ही नळ्या जवळ ओढून बराच वेळ पाहिल्या. त्यांनाही बहुधा खूप वर्षांनी हे दिसत होतं. मग त्या म्हणाल्या, "त्या मुलीचं उत्तर या खिळ्यासाठी बरोबर आहे. पूर्ण गुण द्या, सर."

"आणि उद्धटपणा? त्याचं काय?"

"त्यावर प्रयोग नाही आपल्या अभ्यासक्रमात." बाई हसल्या नाहीत. "सोमवारी तिसरा प्रयोग पुन्हा घ्यायचा. सगळ्यांचा. फळा कोरा ठेवा." मग मावशीकडे वळल्या. "तुम्हाला मात्र हे लेखी द्यावं लागेल. आणि करार पुढच्या महिन्यात आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मी काही शब्द देऊ शकत नाही."

"मागितलाच नाही मी."

मावशीने मुंगीचा कागद काढला, तिची तीन वाक्यं आडवी रेघ मारून खोडली आणि त्यांच्या खाली आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं, 'खिळ्यांना वार्निश मी लावले आणि तीन वर्षे नीट पाहिले नाही. मुलीने जे पाहिले तेच लिहिले.' मुंगीच्या सहीसाठी रेघ मारलेली होतीच. तिच्यावर तिने स्वतःची सही केली.

शनिवारी दुपारी घराच्या पायरीवर तिघं पॉलिश कागद घेऊन बसले. चाळीस खिळे, दोन-दोन हात वार्निश, आणि मावशीने जीव ओतून लावलेलं. निघता निघेना.

"काही म्हण, माल चांगला होता," बाबा खिळा उन्हात धरून म्हणाला. "तीन वर्षं, आणि कुठे तडा नाही."

मावशीने नुसतं बघितलं. बाबाने मान खाली घालून पुढचा खिळा घेतला.

मुंगी बराच वेळ घासत होती. बोटांची टोकं काळी झाली होती. "आई, तू माझ्यावर चिडलीयस?"

"तुझ्यावर कशाला चिडू?"

"मग कुणावर? खिळा मोडेल असा घासतेयस."

"सगळे रांगेत उभे आहेत," मावशी म्हणाली. "फळासर आहेत, मोठ्या बाई आहेत, ते एकोणचाळीस आहेत. पहिला नंबर माझा आहे. तू नाहीस रांगेत." आणि मुंगीच्या नाकाला काळं बोट लावून ती पुन्हा खिळ्यावर तुटून पडली.

सोमवारी प्रयोगशाळेत फळा कोरा होता. मुलं एकमेकांच्या वह्यांत डोकावत होती, पण तिथेही काही नव्हतं. चाळीस नळ्यांत चाळीस खिळे सुटले. सर हात मागे बांधून टेबलांच्या मधून फिरत होते, नव्या बुटांत चालावं तसे जपून. मावशी बेसिनपाशी पाठ टेकून उभी होती.

तिसऱ्या टेबलावरून किंकाळी आली. "ए, लाल झाला! सर, खरंच लाल झाला!"

"माझापण! अरे, बघ ना इकडे!"

"ढकलू नकोस, सांडेल!"

याच पोरांनी गेल्या आठवड्यात लाल-तपकिरी थर म्हणून झोकात लिहिलं होतं, आणि आता अशी ओरडत होती जसं काही आकाशातून पडलं. मुंगी मात्र ओरडली नाही. ती नळीला नाक लावून बसली होती आणि लिहीत होती. सर तिच्या टेबलाशी थांबले, वाकले आणि त्यांनी तिच्या वहीत नाही, नळीत बघितलं. मग पुढे गेले.

तास संपला. चाळीस नळ्या आणि चाळीस खिळे बेसिनमध्ये येऊन पडले, लाल-तपकिरी, चिकट, बुडाशी गाळ. पोरांनी नेहमीसारखं काहीही खंगाळलेलं नव्हतं. कराराचं अजून काही कळलं नव्हतं आणि बोटावरची जखम पाण्याने चुरचुरत होती. मुंगी फडकं घेऊन कट्ट्यावर चढून बसली.

"किती घाण करून ठेवलीय कार्ट्यांनी!" मावशी करवादली, बाह्या वर सारल्या आणि ब्रश उचलून पहिली नळी उजेडात धरली. धुवायच्या आधी तिने ती नीट बघितली.